होथचा कड्यावरचा ट्रेल: महिना चुकला तर नुसता समुद्र, महिना जमला तर कान किटतील एवढे पक्षी

आधी कबुली देते. हा ट्रेल मी पहिल्यांदा केला दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या शेवटी, ऑफिसच्या ग्रुपबरोबर, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले की ठीक आहे, समुद्र आहे, कडे आहेत, वारा जाम आहे, पण ते सीबर्ड्स सीबर्ड्स करून जे लोक नाचतात ते काही मला दिसलं नाही, चार कुरव (सीगल) दिसले आणि ते पण आमच्या सँडविचवर डोळा ठेवून बसलेले. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी पाचात तीन स्टार दिले असते. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन परत गेले आणि ते मत गुंडाळून ठेवावं लागलं, म्हणून हे लिहितेय. कडे तेच, त्यांच्यावरची वाट तीच, मीच चुकीच्या महिन्यात गेले होते.

तर जागा म्हणजे डब्लिनच्या ईशान्येला समुद्रात घुसलेलं होथ. हाऊथ नाही, होथ, मी पहिलं वर्षभर चुकीचं म्हणत होते आणि कोणी सुधारलं पण नाही, आयरिश लोक फार सभ्य. हे नाव जुन्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या डोकं या अर्थाच्या शब्दावरून आलंय म्हणतात आणि नकाशा बघितला की पटतं, पाण्यातून डोकं वर काढून कोणीतरी बघतंय असाच आकार आहे. मूळचं हे बेटच, नंतर सटन गावाच्या बाजूला वाळू साचत साचत जमिनीला चिकटलं. आयरिश भाषेत बिन एडर, स्टेशनच्या पाटीवर दोन्ही नावं दिसतील.

जायला डार्ट ट्रेन, म्हणजे डब्लिनची लोकल, शहरातून साधारण अर्धा तास, आणि स्टेशनवरून उतरलात की ट्रेलचा बोर्ड समोरच. डोंगरावर जायला आधी गाडी, मग जीप, मग गावातून कोणीतरी वाटाड्या असली कसलीच भानगड नाही, हे मला या ट्रेलचं सगळ्यात जास्त आवडतं. फक्त ट्रेनवरचं नाव वाचून चढा. ही लाइन होथ जंक्शनला फुटते, एक फाटा होथला आणि दुसरा मॅलहाइडकडे, आणि आम्ही गप्पांच्या नादात मॅलहाइडच्या गाडीत बसलो, मग जंक्शनला उतरून प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं वारा खात उभे. बाबा म्हणाले, "अगं दोन वर्षं राहतेस ना इथे?" यावर काय बोलणार.

स्टेशनपासून चार रंगांच्या खुणा सुरू होतात, हिरवा, निळा, लाल, जांभळा. कडे आणि पक्षी बघायचे तर हिरवा, साधारण ६ किमीचा गोल, बोर्डावर दीड-दोन तास लिहिलेले असतात पण आम्हाला साडेतीन लागले कारण बाबा दर शंभर पावलांवर दुर्बीण लावून उभे. जांभळा सगळ्यात लांब, तो पूर्ण टोकाला वळसा घालून पलीकडच्या बाजूने येतो, आधीच्या वेळी आम्ही तो केला होता, पाय दुखेपर्यंत मस्त आहे, पण पक्ष्यांसाठी तेवढं चालायची गरज नाही, जे काही आहे ते पूर्वेकडच्या कड्यांवरच.

सुरुवातीला बंदराच्या कडेने सपाट चालायचं, मग बालस्कॅडनचा चढाचा डांबरी रस्ता, दोन्हीकडे घरं, आणि इथे थोडं कंटाळवाणं वाटतं, मनात येतं की हेच का ते. दम धरा. रस्ता संपतो, पायवाट लागते आणि एकदम उजवीकडे पिवळीजर्द झुडपं आणि डावीकडे काहीच नाही, म्हणजे खरंच काही नाही, सरळ खाली समुद्र.

ही पिवळी झुडपं म्हणजे गोर्स, काटेरी, चुकून हात लागला तर कळतंच. पण याच्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. मी आधी ऐकलं होतं आणि मला वाटलं होतं उगाच काहीतरी, पण बाबा चालता चालता थांबले आणि म्हणाले इथे कोणी नारळ खवतंय का. ऊन पडलं की वास वाढतो. एप्रिल-मे मध्ये फुलांचा भर असतो, जूनमध्ये आम्हाला उरलीसुरली मिळाली तरी तेवढी पुरली. जुलैनंतर गेलात तर हेदर नावाच्या बुटक्या झुडपाची जांभळी चादर मिळेल, ती पण सुंदर दिसते, फक्त मग पक्ष्यांवर पाणी सोडा.

वाटेबद्दल आता खरं खरं सांगते. चढ काहीच नाही, सगळा मिळून सव्वाशे-दीडशे मीटर असेल, सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा ट्रेक म्हणायला लाज वाटेल. बाबांचं वय ६६, एक गुडघा कुरकुरतो, त्यांनी आरामात केला. पण सोपा आहे म्हणजे निष्काळजीपणा चालेल असं नाही. वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की समोरून माणूस आला की एकाने झुडपात शिरायचं, आणि ते झुडूप गोर्सचं असतं. कठडा जवळजवळ कुठेच नाही. पाऊस पडून गेला असेल तर चिखल आणि गुळगुळीत दगड, आणि वारा कधी कधी असा ढकलतो की पाठीवरची सॅक शिडासारखी वागते. बाबागाडी अजिबात चालणार नाही, एक जोडपं ती घेऊन आलेलं दिसलं, शेवटी बाळ एकाच्या खांद्यावर आणि गाडी दुसऱ्याच्या डोक्यावर. चपला, स्लिपर, गुळगुळीत तळाचे पांढरे बूट, सगळं दिसलं मला त्या वाटेवर आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला. चांगल्या पकडीचे बूट घाला, एवढंच.

आता पक्षी. नोज ऑफ होथ म्हणून टोक आहे, तिथून वाट दक्षिणेकडे वळते, आणि वळल्यावर पुढे कुठेतरी आधी वास येतो. मासळी बाजार आणि कोंबड्यांचं खुराडं एकत्र केल्यासारखा, खालून वाऱ्याबरोबर भपकन वर. मग आवाज. हजारो गळ्यांतून एकाच वेळी किट्टी-वेएक, किट्टी-वेएक, शाळा सुटल्यावर पटांगणात असतो तसला गलका, आणि दिसत मात्र काही नाही कारण कडा आपल्या पायाखाली आहे. ऑगस्टमध्ये मी याच जागेवरून गेले होते आणि इथे शांतता होती, फक्त लाटा. थोडं पुढे जाऊन वाट जिथे आत वळते तिथून मागे बघायचं, मग समोरच्या भिंतीवर सगळी वस्ती दिसते. हे लक्षात ठेवा, पक्षी बघायला कड्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकायचं नसतं, वळणावर उभं राहून पलीकडची भिंत बघायची. बहुतेक लोकांना हे माहीत नसतं म्हणून ते एकतर काही न बघता जातात नाहीतर नको तिथे वाकतात.

गलका करणारे ते किट्टीवेक, आवाजावरूनच नाव पडलेलं. दिसायला कुरवच, पण बंदरात चिप्स पळवणाऱ्या दांडग्या कुरवांशी याचं काही नातं आहे हे पटत नाही, छोटासा, डोळे काळेभोर, पंखांची टोकं दौतीत बुडवून काढल्यासारखी काळी. हा खरा समुद्राचा पक्षी, हिवाळाभर अटलांटिकवर राहतो आणि फक्त पिल्लं काढायला जमिनीवर येतो, जमीन म्हणजे पण काय, तळहाताएवढी कपार, तिथे चिखल आणि गवत थापून घरटं. बाबा बराच वेळ एकाच घरट्याकडे बघत होते, जोडीतला एक परत आला की दोघं मान वर करून जो काही आरडाओरडा करतात तो बघून म्हणाले, "आपल्याकडे माणूस ऑफिसमधून आल्यावर एवढं स्वागत होत नाही हो."

त्यांच्या खालच्या लांब कपारींवर गिलेमॉट. गडद चॉकलेटी पाठ, पांढरं पोट, सरळ उभे, लोकलच्या डब्यात उभे असल्यासारखे एकमेकांना खेटून. हे घरटं बांधतच नाहीत. एकच अंडं, उघड्या दगडावर, उतारावर. अंड्याचं एक टोक चांगलंच निमुळतं असतं, पूर्वी म्हणायचे की त्यामुळे ते गोल फिरतं आणि खाली पडत नाही, अलीकडचे अभ्यासक म्हणतात की त्या आकारामुळे ते उतारावर जास्त नीट टेकून बसतं. शिवाय प्रत्येक अंड्याचा रंग आणि नक्षी वेगळी, त्यामुळे त्या गर्दीत आईबापांना आपलं कुठलं ते ओळखता येतं. आणि सगळ्यात अचाट म्हणजे पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की, नीट उडता येत नसतानाच, संध्याकाळच्या अंधुक उजेडात कड्यावरून सरळ खाली उडी मारतं, खाली पाण्यात बाप हाका मारत असतो, आणि मग दोघं पोहत समुद्रात निघून जातात. आई नाही, बाप. हे मी बाबांना सांगितलं आणि तिथेच घोळ झाला, शेवटी सांगते.

गिलेमॉटच्या मधेमधे रेझरबिल दिसतात, ते काळे कुळकुळीत, चोच जाड आणि तिच्यावर पांढरी रेघ, एकदा कळलं की मग चुकत नाही. पाण्याच्या अगदी जवळच्या खडकांवर शॅग, म्हणजे आपल्या पाणकावळ्याचा चुलतभाऊ, अंगावर हिरवट चमक आणि डोळा पाचूसारखा हिरवा, तो मात्र दुर्बिणीशिवाय दिसत नाही. आणि माझा स्वतःचा आवडता फुलमार. दिसायला कुरवासारखा, कुरव नाही, चोचीवर नळी असलेल्या पक्ष्यांच्या घराण्यातला. हा पंख हलवतच नाही. कड्यावर आदळून वर येणाऱ्या वाऱ्यावर नुसता पसरलेला असतो आणि आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, पाचसात मीटरवरून सरकत जातो, जाताना मान वळवून बघतो की ही कोण. घरट्याजवळ गेलं तर तोंडातून घाणेरड्या वासाचं तेल थुंकतो म्हणे, आम्ही तेवढे जवळ गेलो नाही, आणि कोणी जाऊ पण नये.

लांबून दिसणारी आणखी एक गंमत. उत्तरेला आयर्लंड्स आय नावाचं छोटं बेट आहे, त्याच्या टोकाला एक सुटा सुळका, वरून पांढरी टोपी घातल्यासारखा. ते पांढरं म्हणजे गॅनेट आणि त्यांची विष्ठा, दोन्ही. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी तिथे घरटी करायला सुरुवात केली आणि आता मोठी वसाहत आहे. पंख पसरले की जवळजवळ दोन मीटर, आणि मासे पकडायला ३० मीटरवरून पंख मागे ओढून पाण्यात बाणासारखा घुसतो. आम्ही दगडावर बसून डबा खात होतो तेव्हा समोर तीनचार गॅनेट शिकार करत होते, आधी पांढरा फवारा उडताना दिसतो आणि आवाज नंतर येतो. हे जवळून बघायचं तर बंदरातून सीझनमध्ये बेटाला फेरी मारणाऱ्या बोटी असतात, आम्ही नाही गेलो, बाबांना बोट लागते.

पफिनबद्दल विचारणारे खूप असतात म्हणून वेगळं सांगते. पफिनसाठी इथे येऊ नका. आजूबाजूच्या बेटांवर थोडे असतात, म्हणजे पलीकडचं लॅम्बे आणि हे आयर्लंड्स आय, पण या वाटेवरून दिसले तर लॉटरी समजा. रेझरबिलला पफिन समजून खूश होऊन जाणारे लोक आम्हाला भेटले, मी काही बोलले नाही, सुट्टीचा दिवस होता त्यांचा.

महिन्याचं गणित असं. एप्रिलपासून कडे भरायला लागतात, मे आणि जून एकदम भरात, जुलैच्या मध्यापर्यंत गिलेमॉट आणि रेझरबिल पिल्लं घेऊन समुद्रात पसार, ऑगस्टमध्ये किट्टीवेक पण जातात. मग उरतात त्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेघा, ज्या मी पहिल्या वेळी खडकाचा नैसर्गिक रंग समजले होते. वेळेचं म्हणाल तर फोटो काढायचे असतील तर सकाळीच जा, कडे पूर्वेकडे तोंड करून आहेत, दुपारनंतर पक्षी सावलीत जातात. फोटो नको असतील तर जूनमध्ये आठवड्यातल्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जा, सूर्य जवळजवळ दहाला मावळतो, गर्दी निम्म्याहून कमी.

कारण रविवारची गर्दी हा या ट्रेलचा खरा प्रॉब्लेम आहे आणि माझा एक स्टार तिथेच जातो. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी रांगा, मधेच स्पीकरवर गाणी. पक्ष्यांच्या आवाजावर गाणी लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं मला खरंच कळत नाही. एक जण ड्रोन उडवत होता, वस्तीच्या समोर, आणि तो जवळ गेल्यावर आख्खी कपार एकदम उठली. ज्यांचं अंडं उघड्या दगडावर ठेवलेलं आहे ते घाबरून झटकन उडाले की अंडं गडगडतं, आणि वरून मोठे कुरव टपलेले असतातच. बाबांनी त्याला मराठीतच सुनावलं. त्याला शब्द कळले नसतील पण सूर कळला असावा, त्याने ते यंत्र खाली उतरवलं. कुत्री पण पट्ट्याशिवाय सोडलेली दिसली, या वाटेवर ते कुत्र्यासाठीच धोक्याचं आहे.

पुढे वाट वर चढते आणि खाली जमिनीच्या चिंचोळ्या शेपटीवर बेली दीपगृह दिसतं, सगळे फोटो इथलेच असतात. याची एक गोष्ट मला फार आवडते. १७ व्या शतकातलं मूळ दीपगृह खूप वर होतं, उंच म्हणजे चांगलं असं कोणालाही वाटेल, पण वर असल्यामुळे ते धुक्यात आणि ढगात गायब व्हायचं, म्हणून १८१४ मध्ये हे नवीन मुद्दाम खाली बांधलं. तरी १८५३ च्या फेब्रुवारीत रात्री बर्फ पडत असताना क्वीन व्हिक्टोरिया नावाची बोट इथल्या खडकांवर आदळली आणि ८० च्या आसपास माणसं गेली. धुक्यात वाजवायची घंटा बसवायचं आधीच ठरलेलं होतं, काम लांबणीवर पडलेलं, अपघातानंतर मात्र लगेच बसली. बाबा सरकारी नोकरीत होते, ते नुसते हसले. १९९७ मध्ये हे दीपगृह ऑटोमॅटिक झालं, आयर्लंडमधलं सगळ्यात शेवटचं. आत जाता येत नाही, वरूनच बघायचं, आणि पलीकडे डब्लिन बे, पूलबेग वीजकेंद्राची ती दोन लाल-पांढरी धुरांडी, मागे विकलोचे डोंगर.

वर समिटच्या, म्हणजे माथ्यावरच्या, पार्किंगला पोचलात की कडे संपले, इथून हिरवी वाट जुन्या ट्रामच्या बाजूने गावात उतरते. १९०१ ते १९५९ इथे डोंगरावर ट्राम चालायची. उतरताना फार काही नाही, झाडोरा आणि बंगल्यांच्या मागच्या भिंती. शिंगंवाल्या मोठ्या बोकडांचा कळप दिसला तर दचकू नका, उन्हाळ्यात इथे गोर्स पेटून वणवे लागतात, म्हणून २०२१ पासून जुन्या आयरिश जातीच्या शेळ्या आणून ते चरून कमी करायचा प्रयोग चालू आहे. आम्हाला लांबून दोन दिसल्या. कोणाला चालायचं नसेल तर गावातून समिटपर्यंत बस येते, गुडघे फारच दुखत असतील तर वर बसने जाऊन दीपगृह बघून परत, हा पण पर्याय आहे, फक्त त्यात पक्ष्यांची भिंत राहून जाते.

टॉयलेट बंदराजवळच उरकून घ्या, कड्यावर काही नाही. पाणी, विंडचीटर आणि दुर्बीण एवढं हवंच. दुर्बीण ८ बाय ४२ ची साधी पुरते, पण एका माणसाला एक घ्या. दोघांत एक नेलीत तर ती एकाकडेच राहते, अनुभव आहे. बंदरात परतल्यावर पश्चिमेच्या धक्क्याजवळ पाण्यात सील डोकं काढून बसलेले असतात, आणि चिप्स घेतल्या तर पाठ भिंतीला लावून खा, मागून कुरव येतो आणि आख्खा मासा उचलतो. आमचा उचलला.

आता तो घोळ. पिल्लाच्या उडीचं मी सांगितल्यापासून बाबांना दुसरं काही सुचत नाहीये. ट्रेनमध्ये तेच, जेवताना तेच, बाप खाली थांबतो म्हणजे नेमका कुठे थांबतो, अंधारात त्याला आपलंच पिल्लू कसं कळतं, आवाजावरून कळतं हे सांगितलं तर म्हणे एवढ्या गलक्यात? उड्या जूनच्या शेवटी-शेवटी सुरू होतात आणि त्यांचं परतीचं तिकीट २८ जूनचं आहे. तर २५ ला संध्याकाळी आम्ही परत जातोय, थर्मास, टॉर्च आणि या वेळी दोन दुर्बिणी घेऊन. उडी दिसली तर तो पाचवा स्टार पण देऊन टाकीन.